हातसामान ज्याचे त्याने सांभाळावे : युरोपातील रेल्वेप्रवास, चोरी आणि कागद

परदेशातील रेल्वेप्रवासात सामान चोरीला जाणे ही गोष्ट मराठीत सहसा प्रवासवर्णनातला एखादा किस्सा म्हणून किंवा सहलीच्या माहितीपत्रकातील ‘सामान सांभाळा’ या एका ओळीपुरती येते. प्रत्यक्षात ती वाहतुकीचा कायदा, पोलिसांची कार्यपद्धती, पासपोर्टचे नियम, बँकव्यवहार आणि विमा अशा पाच निरनिराळ्या व्यवस्थांच्या सांध्यावर उभी असते, आणि या पाचही व्यवस्था चोरी झालेल्या माणसाला वेगवेगळ्या शब्दांत एकच प्रश्न विचारतात : तुमच्याकडे कागद काय आहे? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा आढावा युरोपातील रेल्वेपुरता आणि मुख्यतः भारतीय पासपोर्टवर प्रवास करणाऱ्यांच्या बाजूने घेतला आहे.

युरोपची निवड करण्यामागे दोन कारणे आहेत. पहिले शेंगेन क्षेत्राचे. आपापसांतील सीमांवर नेहमीची पासपोर्ट-तपासणी करायची नाही असे ठरवलेल्या देशांच्या समूहाला हे नाव आहे; लक्झेंबर्गमधील शेंगेन या गावी १४ जून १९८५ रोजी त्याचा मूळ करार झाला, १९९५ मध्ये तो अमलात आला आणि १ जानेवारी २०२५ रोजी बल्गेरिया व रुमानिया पूर्णपणे सामील झाल्यावर या देशांची संख्या २९ झाली. मिलानहून झुरिकला निघालेली गाडी सीमा ओलांडते तेव्हा प्रवाशाला ते कळतही नाही. पण चोरी मिलानच्या फलाटावर झाली की सीमेपलीकडे, यावर तक्रार कोणत्या देशाच्या पोलिसांकडे आणि कोणत्या भाषेत नोंदवायची हे ठरते. दुसरे कारण प्रवाशांच्या बदललेल्या स्वरूपाचे आहे. मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या समूह-सहली युरोपात बहुतांशी बसने फिरतात, सामान बसच्या पोटात बंद असते आणि अडचण आलीच तर सहल-व्यवस्थापक हाताशी असतो. रेल्वेने फिरतात ते स्वतःची सहल स्वतः आखणारे, म्युनिक किंवा पॅरिसला शिकणारे विद्यार्थी, आणि त्या विद्यार्थ्यांना भेटायला गेलेले त्यांचे आईवडील. यांच्यावर प्रसंग आला की पहिला तास त्यांचे तेच असतात.

चोरी कशी होते हे समजायला डब्याची रचना पाहावी लागते. भारतीय गाडीत सामान बाकाखाली, म्हणजे प्रवाशाच्या पायाशी असते आणि खालच्या कडीला साखळी-कुलूप अडकवण्याची सोय असते. युरोपातील अनेक लांब पल्ल्याच्या गाड्यांत मोठ्या बॅगांचे कप्पे डब्याच्या टोकाला, दाराजवळ असतात आणि पाठीवरच्या पिशव्या डोक्यावरच्या फळीवर चढतात, त्यामुळे सामान आणि मालक यांची नजरभेट तुटते. मधल्या स्थानकावर गाडी दोन-तीन मिनिटे थांबते. खिडकीच्या काचेवर बाहेरून कोणीतरी टकटक करतो, हातातला तिकिटाचा कागद दाखवून काही विचारतो, आतला माणूस त्याचे ओठ वाचायला पुढे झुकतो; त्याच वेळी मागून आलेला दुसरा इसम फळीवर आपले जाकीट ठेवतो, क्षणभर घुटमळतो आणि जाकीट उचलतो ते त्याच्याखालच्या पिशवीसकट. दारे मिटण्याची शिट्टी वाजते, इसम फलाटावर उतरलेला असतो, आणि प्रवाशाचा हात फळीकडे जातो तो वीस मिनिटांनी, पाण्याची बाटली काढण्यासाठी.

दुसरी पद्धत चढतानाची. जुन्या डब्यांच्या पायऱ्या उंच असतात, दोन हातांत दोन बॅगा असतात, पुढे चढणारा मध्येच थबकतो आणि मागचा ‘मदतीला’ हात लावतो. ज्या हाताने बॅग उचलली जाते त्याच्याच जोडीचा हात खिशात गेलेला असतो. तिकीट-यंत्रापाशी आपणहून मदत करणारे, कोणता फलाट ते दाखवत सामान ओढत नेणारे, अंगावर काहीतरी सांडून ते पुसू लागणारे, हे त्याच कुळातले प्रकार होत. रोमचे टर्मिनी, मिलानचे चेंत्राले, पॅरिसचे गार द्यु नॉर आणि बार्सिलोनाचे सांत्स ही स्थानके, शार्ल द गोल विमानतळाहून पॅरिसमध्ये येणारी ‘आरईआर बी’ ही उपनगरी गाडी, तसेच नेपल्सहून पाँपेईमार्गे सोरेंतोला जाणारी चिर्कुमवेसुव्हिआना या बाबतीत विशेष प्रसिद्ध आहेत. कारण सरळ आहे : पासपोर्ट, रोकड आणि झोपेने जड झालेले डोळे या तिन्ही गोष्टी तिथे एकत्र मिळतात.

या चोरांबद्दल बोलताना युरोपात आणि युरोपहून परतलेल्या भारतीयांतही भटक्या मानल्या जाणाऱ्या रोमा समाजाचे नाव सर्रास घेतले जाते, आणि काही सल्ले तर ‘अमुक पेहरावाच्या बायका दिसल्या की दूर व्हा’ इतक्यावरच संपतात. महाराष्ट्रातील वाचकाला ही भाषा अनोळखी वाटू नये. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण जमातींवर जन्मतःच चोरीचा शिक्का मारला होता, तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी शिक्का पुसला गेला नाही, हे लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ या आत्मकथनाने (१९८७) मराठीत ठसठशीतपणे नोंदवले आहे. नैतिक आक्षेप बाजूला ठेवला तरी व्यवहारातही हा सल्ला निरुपयोगी आहे. डब्यातून पिशवी नेणारा सराईत माणूस सहसा चांगल्या कपड्यांत आणि हातात प्रवासी बॅग घेऊनच वावरतो, कारण प्रवाशासारखे दिसणे हेच त्याचे भांडवल असते.

रात्रीच्या गाड्यांविषयी आणखी एक समज पक्का झाला आहे : चोर कक्षात गुंगीचा वायू सोडतात आणि सगळे गाढ झोपले की सामान नेतात. फिरत्या घरासारख्या मोटारगाड्यांतील अशाच कथांबाबत ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ ॲनेस्थेटिस्ट्स या भूलतज्ज्ञांच्या संस्थेने निःसंदिग्ध अविश्वास व्यक्त केला आहे. कोणालाही जाग न येता, जिवाला धोका न होता आणि वास न येता एवढी जागा वायूने भरणे व्यवहारात शक्य नाही, असा त्या मताचा आशय आहे. दमलेला माणूस वायूशिवायही गाढ झोपतो. ऑस्ट्रियाच्या रेल्वेने डिसेंबर २०१६ पासून ‘नाइटजेट’ या नावाने रात्रीच्या गाड्यांचे जाळे विस्तारल्यावर शयनकक्षांचा प्रवास पुन्हा वाढला आहे. या कक्षांना आतून कडी असते, आणि सहा अनोळखी माणसांच्या कक्षात ती लावायची कोणी हे ठरवण्याचा संकोच हीच खरी फट आहे.

आता कायदा. भारतीय प्रवाशाची पहिली प्रतिक्रिया ‘रेल्वेकडे भरपाई मागू’ अशी असते, आणि तिथेच पहिला भ्रमनिरास होतो. आंतरराष्ट्रीय रेल्वे-वाहतुकीच्या कराराला जोडलेले प्रवासी-वाहतुकीचे एकरूप नियम, जे युरोपीय संघाने आपल्या प्रवासी-हक्कांच्या कायद्यातही (सध्याचा कायदा ७ जून २०२३ पासून लागू आहे) समाविष्ट केले आहेत, ते सामानाचे दोन वर्ग करतात. प्रवासी जे स्वतःबरोबर डब्यात ठेवतो ते हातसामान, मग ती पाकिटाएवढी पिशवी असो की तीस किलोची बॅग. आणि रेल्वेच्या ताब्यात पावती घेऊन दिलेले ते नोंदणीकृत सामान. हातसामानावर देखरेख ठेवण्याची जबाबदारी प्रवाशाची आहे असे हे नियम स्पष्ट सांगतात, आणि ते हरवले किंवा चोरीला गेले तर रेल्वेची चूक सिद्ध केल्याखेरीज रेल्वे जबाबदार राहत नाही. नोंदणीकृत सामानाला मात्र मर्यादित भरपाई आहे : नुकसानीची रक्कम सिद्ध झाल्यास दर किलोला ८० किंवा दर नगाला १,२०० एकके. हे एकक म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने अनेक चलनांच्या आधारे ठरवलेले हिशेबी चलन, ज्याला ‘विशेष आहरण अधिकार’ म्हणतात, आणि ज्याचे मूल्य एका युरोपेक्षा थोडे अधिक असते. आज बहुतेक गाड्यांत सामान नोंदवून देण्याची सोयच उरलेली नसल्याने हा दुसरा वर्ग बराचसा कागदावरच राहतो.

हा नियम परका वाटण्याचे कारण नाही. भारताच्या १९८९ च्या रेल्वे अधिनियमाचे कलम १०० जवळजवळ हेच सांगते : सामान नोंदवून पावती घेतली नसेल तर रेल्वे जबाबदार नाही, आणि प्रवाशाने स्वतःजवळ ठेवलेल्या सामानाबाबत कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा किंवा गैरवर्तन सिद्ध करावे लागते. जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, प्रवाशाने कमरेला बांधलेल्या पट्ट्यातील एक लाख रुपये चोरीस गेल्याच्या प्रकरणात, जी वस्तू प्रवासी स्वतः सांभाळू शकला नाही तिच्याबद्दल रेल्वेच्या सेवेत त्रुटी मानता येणार नाही असे ठरवून ग्राहक आयोगांचे आदेश रद्द केले. फलाटावर रेल्वेच्या खिडकीशी वाद घालण्यात पहिला तास घालवणे म्हणूनच व्यर्थ आहे. तो तास पोलिसांसाठी राखून ठेवावा.

पोलीस म्हणजे नेमके कोण, हे देशागणिक बदलते. महाराष्ट्रात लोहमार्ग पोलीस राज्य सरकारचे आणि रेल्वे सुरक्षा दल केंद्राचे अशी जी विभागणी आहे, तिच्याशी मिळतीजुळती विभागणी तिकडेही आढळते. इटलीत राज्य पोलिसांचीच रेल्वे शाखा, बोलीभाषेत ‘पोलफेर’, मोठ्या स्थानकांत बसते. जर्मनीत १९९२ पासून हे काम संघराज्याच्या सीमा-पोलिसांकडे आले, ज्यांना २००५ पासून ‘बुंडेसपोलित्साय’ म्हणतात. ब्रिटनमध्ये ब्रिटिश ट्रान्सपोर्ट पोलीस हे रेल्वेसाठी स्वतंत्र दल आहे आणि त्याला ६१०१६ या क्रमांकावर लघुसंदेश पाठवून धावत्या गाडीतूनही कळवता येते. फ्रान्समध्ये डब्यांतून फिरणारे गणवेशधारी रक्षक हे रेल्वेचेच कर्मचारी असतात. ३११७ हा त्यांचा आपत्कालीन दूरध्वनी. पण ‘प्लँत’ म्हणजे रीतसर तक्रार, ती पोलीस किंवा ग्रामीण भागातील जाँदार्मरी यांच्याकडेच द्यावी लागते. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, फ्रेंच पोलीस ठाण्याने ती नोंदवून घेतली पाहिजे असा तेथील फौजदारी प्रक्रिया संहितेचा दंडक आहे. आपल्याकडे ज्याला ‘झिरो एफआयआर’ म्हणतात आणि जे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आले, त्याचेच हे भावंड. माद्रिदमध्ये परदेशी पर्यटकांसाठी पोलिसांच्या जोडीने दुभाषी देणारे स्वतंत्र कार्यालय चालते. हे सारे लक्षात राहिले नाही तरी ११२ हा एकच क्रमांक संपूर्ण युरोपीय संघात आणि स्वित्झर्लंडमध्येही चालतो, एवढे लक्षात असावे.

इटलीची स्थिती थोड्या विस्ताराने पाहण्यासारखी आहे, कारण तेथे परदेशी प्रवाशाच्या तक्रारीवर अलीकडे फार काही अवलंबून राहू लागले आहे. इटालियन कायद्यात ‘देनुन्चा’ म्हणजे गुन्ह्याची खबर आणि ‘क्वेरेला’ म्हणजे आरोपीला शिक्षा व्हावी अशी पीडिताने स्वतः केलेली मागणी, असा भेद आहे. तत्कालीन न्यायमंत्री मार्ता कार्ताबिया यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सुधारणेने ३० डिसेंबर २०२२ पासून चोरीचे बहुतेक प्रकार ‘क्वेरेला’ असेल तरच खटला, या वर्गात टाकले. ती देण्यास तीन महिन्यांची मुदत असते. न्यायालयांवरचा भार कमी करणे हा हेतू होता, पण परिणाम असा झाला की पाकीट गेलेला पर्यटक दुसऱ्याच दिवशी विमानाने निघून जाई आणि रंगेहाथ सापडलेला पाकीटमार तक्रारीअभावी सुटे. त्यावर इतका गदारोळ झाला की मे २०२३ मध्ये दुरुस्ती करून, पीडित लगेच उपलब्ध नसला तरी अटक करण्याची मुभा पोलिसांना द्यावी लागली. तक्रारीची गरज मात्र तिने संपवली नाही. पोलफेरच्या खोलीत बसून कागदावर सही करणाऱ्या प्रवाशाने म्हणूनच आपण नुसती खबर देत आहोत की ‘क्वेरेला’ही देत आहोत, हे विचारून घ्यावे. एका वाक्याचा फरक आहे, पण त्या वाक्यावर खटला उभा राहतो.

भाषेच्या अडचणीवर एक उपाय कायद्यातच आहे आणि तो फार थोड्यांना ठाऊक असतो. गुन्ह्याच्या पीडितांच्या किमान हक्कांविषयी युरोपीय संघाने २५ ऑक्टोबर २०१२ रोजी काढलेला निर्देश, म्हणजे सदस्य देशांनी आपापल्या कायद्यात उतरवण्याचे बंधन असलेला आदेश, असे सांगतो की पीडिताला तक्रारीची लेखी पोच मिळाली पाहिजे, स्थानिक भाषा येत नसेल तर त्याला समजणाऱ्या भाषेत तक्रार देता आली पाहिजे किंवा त्यासाठी साहाय्य मिळाले पाहिजे, आणि मागितल्यास त्या पोचेचा अनुवाद विनाशुल्क मिळाला पाहिजे. हे हक्क नागरिकत्वावर अवलंबून नाहीत. डेन्मार्कला हा निर्देश लागू नाही, आणि स्वित्झर्लंड व ब्रिटन संघाबाहेर आहेत. इतरत्र इंग्रजी अनुवाद मागणे हा उपकार मागणे नव्हे. गर्दीच्या स्थानकात कंटाळलेला शिपाई सगळे हरवल्याच्या नोंदीत बसवू पाहतो, कारण त्या नोंदीने त्याच्यावर तपासाचे ओझे पडत नाही. ‘हरवले’ आणि ‘चोरीला गेले’ या दोन शब्दांत पुढे विम्याचे पैसे अडकतात, म्हणून इथे नम्रपणे पण ठामपणे अडून बसावे.

त्या कागदावर काय असावे, हेही सांगितले पाहिजे. चोरीची तारीख, अंदाजे वेळ, गाडीचा क्रमांक, कोणत्या दोन स्थानकांदरम्यान घडले ते, पासपोर्टचा क्रमांक, तो जारी झाल्याची तारीख व ठिकाण, व्हिसाचा क्रमांक, फोनचा पंधरा आकडी ओळख-क्रमांक, आणि गेलेल्या वस्तूंची यादी, किमतीसह. यातले बहुतेक आकडे चोरीला गेलेल्या पिशवीतच असतात, ही खरी गोम. पासपोर्टची छायाप्रत पासपोर्टच्याच पाकिटात ठेवणारे प्रवासी कमी नाहीत.

पासपोर्ट गेला असेल तर मामला दूतावासाकडे जातो. परदेशातील आपल्या नागरिकांना साहाय्य करणे आणि त्यांना प्रवासाची कागदपत्रे देणे ही कामे १९६३ च्या व्हिएन्ना करारानेच वाणिज्य दूतांकडे सोपवली आहेत. रोमला भारताचा राजदूतावास आणि मिलानला महावाणिज्य दूतावास आहे. स्वित्झर्लंडमध्ये बर्न व जिनिव्हा. जर्मनीत बर्लिनखेरीज म्युनिक, फ्रँकफुर्ट आणि हँबुर्ग. प्रवाशापुढे दोन वाटा असतात. पहिली आपत्कालीन प्रमाणपत्राची : हा केवळ भारतात परत येण्यापुरता, एकदाच वापरायचा कागद असतो आणि तो तुलनेने लवकर मिळतो. दुसरी, हरवलेल्याच्या जागी नवा पासपोर्ट मिळवण्याची. तिला प्रतिज्ञापत्र, पोलिसांचा अहवाल आणि पडताळणी लागते, म्हणून वेळही लागतो. दोन आठवड्यांच्या सहलीवर आलेल्या कुटुंबाला पहिलीच वाट व्यवहार्य असते, पण ती धरली की पुढचा लंडनचा टप्पा संपला हे समजून चालावे. तिथे शिकणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्याने मात्र घाबरून आपत्कालीन प्रमाणपत्र मागू नये. ते घेऊन तो भारतात पोहोचेल, पण परत जाण्यासाठी नवा पासपोर्ट आणि स्थानिक रहिवास-परवाना यांचे सारे सव्यापसव्य त्याला मुंबईहून करावे लागेल.

पासपोर्टबरोबर शेंगेन व्हिसाचे चिकटपत्रही जाते, आणि ‘आता आपण बेकायदा झालो’ या भीतीने माणूस गारठतो. ही भीती अनाठायी आहे. अर्जदाराच्या बोटांच्या ठशांसह व्हिसाची नोंद व्हिसा माहिती प्रणाली या सामायिक संगणकीय कोठारात असते. भारतात २ नोव्हेंबर २०१५ पासून याच कारणासाठी व्हिसा-केंद्रावर ठसे घेतले जातात. शिवाय १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झालेल्या प्रवेश-निर्गमन प्रणालीत प्रवेशाची तारीखही शिक्क्याऐवजी संगणकावर नोंदवली जाते. विमानतळावरचा अधिकारी पोलिसांची पोच, आपत्कालीन प्रमाणपत्र आणि ही नोंद यांचा मेळ घालतो. त्यासाठी वेळ जातो, म्हणून विमानतळावर नेहमीपेक्षा दोन तास आधी पोहोचावे.

पैशांच्या बाबतीत घड्याळ सर्वांत वेगाने धावते. युरोपातील दुकानांत साधारण ५० युरोपर्यंतच्या खरेदीला कार्ड यंत्राला नुसते टेकवले की पुरते, गुप्त क्रमांक लागत नाही. पाकीट मारणारा पुढच्या दहा मिनिटांत सिगारेटच्या दुकानापासून सुरुवात करतो. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाने बँकेला कळवल्यानंतर झालेले अनधिकृत व्यवहार बँकेने सोसायचे असतात, म्हणून पोलिसांच्या रांगेत उभे असतानाच कार्ड बंद करण्याचा दूरध्वनी झाला पाहिजे आणि त्याचा संदर्भ-क्रमांक व वेळ लिहून घेतली पाहिजे. जानेवारी २०२० च्या दुसऱ्या एका परिपत्रकाने कार्डाचा परदेशातील वापर, टेकवून पैसे देण्याची सोय आणि रकमेची मर्यादा स्वतः चालू-बंद करण्याचा अधिकार ग्राहकाला दिला आहे. प्रवासाला निघण्यापूर्वी मर्यादा रोजच्या खर्चाएवढीच ठेवली तर चोराच्या हाती लागणारी रक्कमही तेवढीच राहते. परकीय चलनाच्या कार्डाबरोबर काही बँका जोडकार्ड देतात. ते दुसऱ्या व्यक्तीच्या दुसऱ्या पिशवीत असेल तरच त्याला अर्थ आहे.

फोन गेला तर गोष्ट अधिक बिकट होते, आणि ही अडचण विशेषकरून भारतीयांची आहे. आपली बँक, ईमेल, तिकिटे, आणि हल्ली रेल्वेचा पाससुद्धा एका फोनमध्ये असतो. आणि त्यांतील बऱ्याचशा गोष्टींना उघडण्याची किल्ली म्हणजे भारतीय सिमकार्डावर येणारा एकवेळचा सांकेतिक क्रमांक. तेच सिम गेले की दुसऱ्याच्या फोनवरून आपल्या खात्यात शिरता येत नाही, आणि दुसरे सिम मिळवायला ज्याच्या नावे क्रमांक आहे त्यालाच ओळख पटवावी लागते, जे पॅरिसमधून होत नाही. आयफेल टॉवरच्या तिकिटाला २०२४ पासून यूपीआय चालते याचे कौतुक पुष्कळ झाले. फोन गेलेल्या माणसाला त्याचा काही उपयोग नाही. यावर महागडा उपाय लागत नाही. बँकेचे परदेशातून चालणारे दूरध्वनी, विमा-पत्राचा क्रमांक, दूतावासाचा आपत्कालीन क्रमांक आणि घरच्या दोन माणसांचे फोन एका कागदावर शाईने लिहून तो कागद अंगावरच्या कपड्यात ठेवणे, एवढाच तो उपाय आहे. घरच्यांचे क्रमांक तोंडपाठ असलेली पिढी आता मागे पडली आहे.

विम्याबाबतचा गैरसमज तर सार्वत्रिक म्हणावा लागेल. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा विमा सक्तीचा असतो, आणि ‘विमा काढला आहे’ या समाधानात प्रवासी निघतो. पण ही सक्ती आजारपण, रुग्णालय, मृत्यू आणि मायदेशी परत पाठवणे यांच्या खर्चापुरती आहे, सामानाचा तिच्याशी संबंध नाही. भारतीय कंपन्यांच्या विमापत्रांत सामानाचे कलम असते, मात्र ते बहुधा विमान कंपनीच्या ताब्यात दिलेल्या बॅगांसाठी असते; रेल्वेच्या फळीवरून गेलेली पिशवी त्यात बसत नाही. पासपोर्ट हरवल्यास नव्या कागदपत्रांचा खर्च देणारे कलम सहसा मिळते. त्यालाही पोलिसांना ठरावीक मुदतीत, बहुतेकदा २४ तासांत, कळवल्याचा पुरावा मागितला जातो, आणि सामान ‘बेवारस’ सोडले होते असे दिसले तर दावा नाकारला जातो. तक्रार नोंदवताना ‘मी झोपलो होतो’ आणि ‘सामान माझ्या डोक्यावरच्या फळीवर होते’ ही दोन्ही वाक्ये खरी असली तर दुसरे वाक्य विसरू नये. दावा नाकारला गेल्यास आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी आणि महिनाभरात समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे जावे. मुंबई व पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत आणि तेथे वकील लागत नाही.

दूतावासाकडून अपेक्षा किती ठेवावी, यातही गल्लत होते. तो चोर शोधत नाही, स्थानिक पोलिसांना हुकूम देत नाही आणि सहलीचा पुढचा खर्च भागवत नाही. २००९ मध्ये स्थापन झालेला भारतीय समुदाय कल्याण निधी परदेशात अडकलेल्या भारतीयांच्या तात्पुरत्या निवासासाठी व परतीच्या तिकिटासाठी वापरता येतो, पण तो खरोखर निराधार झालेल्यांसाठी, गरज पाहून दिला जातो. ज्याला घरून पैसे मागवता येतात त्याने त्यावर डोळा ठेवू नये. पैसे मागवताना ते ज्याचा पासपोर्ट शाबूत आहे अशा सोबत्याच्या नावे मागवावेत, कारण पैसे देणाऱ्या खिडकीवरही ओळखपत्रच विचारतात.

उरला प्रश्न आधीच्या काळजीचा, आणि त्याबद्दल मराठी माणसाला नवे शिकवण्यासारखे फारसे नाही. कमरेचा कसा, कनवटीला लावलेले पैसे, बंडीच्या आतला चोरखिसा हे शब्द ज्या भाषेत आहेत, तिच्या आज्यांना प्रवासातले अर्थकारण कळत होते : रोजचे सुटे वर, उरलेले आत, आणि सगळे एके ठिकाणी कधीच नाही. आज नेमके उलटे होते. घरातला कर्ता पुरुष ‘सगळे माझ्याकडे असू दे’ म्हणत चौघांचे पासपोर्ट, चारही कार्डे आणि युरोंच्या नोटा एका झिपच्या पाकिटात घालतो, ते पाकीट पाठपिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवतो आणि दर स्थानकावर चाचपून पाहतो, ज्यातून ते कुठे आहे हे सगळ्यांना कळते. रेल्वेचा पास दाखवताना तपासनीस पासपोर्ट मागू शकतो, त्यामुळे एका शहरातून दुसऱ्या शहरात जाताना तो जवळ बाळगण्यावाचून गत्यंतर नसते. पण प्रत्येकाने आपापला बाळगावा, याला काहीच हरकत नसते. सायकलची पातळ तारेची साखळी सामानाच्या कप्प्यातल्या दांड्याला अडकवणे, गाडी थांबण्यापूर्वी एकाने दाराशी जाऊन उभे राहणे, जेवायला गेल्यावर पिशवी खांद्यावरून न काढणे, या गोष्टी भारतीय रेल्वेत वाढलेल्या माणसाला सवयीच्या असतात. स्वच्छ काचा आणि गादीच्या खुर्च्या पाहिल्यावर त्या सवयी का गळून पडतात, हे मात्र कोडे आहे.

चोराला पासपोर्ट नको असतो, पैसे हवे असतात, त्यामुळे काढून घेतलेले पाकीट कधी कधी स्थानकाच्या कचरापेटीत किंवा डब्याच्या स्वच्छतागृहात सापडते आणि हरवलेल्या वस्तूंच्या कार्यालयात जमा होते. तिथे चार-आठ दिवसांनी चौकशी केल्यास फोटो, औषधांच्या चिठ्ठ्या, चाव्या परत मिळू शकतात. पासपोर्टही मिळाला, तर तो वापरू नये. चोरीची तक्रार झाली की त्याचा क्रमांक रद्द होतो आणि इंटरपोलच्या २००२ पासून चालत असलेल्या चोरलेल्या व हरवलेल्या प्रवास-कागदपत्रांच्या यादीत जाऊ शकतो. तो घेऊन सीमेवर उभा राहिलेल्या खऱ्या मालकालाही अडवले जाते. असा पासपोर्ट दूतावासात किंवा भारतात आल्यावर पासपोर्ट कार्यालयात जमा करावा लागतो.